शंभर टक्के संमती? रॉदरहॅमची केस आणि आपला बस स्टँड

बारा वर्षांची मुलगी. चौकशीच्या रिपोर्टमध्ये तिचं नाव फक्त चाइल्ड ए, खरं नाव कुठेच नाही आणि ते तसंच असायला हवं. साल २०००, गाव इंग्लंडमधलं रॉदरहॅम. ही पोरगी वयाने खूप मोठ्या पुरुषांच्या घोळक्यात दिसायला लागली, ड्रग्ज घेत असेल असाही संशय होता, आणि तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की पाच मोठ्या माणसांनी तिच्याशी संबंध ठेवलेत. त्यातल्या दोघांनी पोलिसांसमोर ते कबूल केलं. कबूल केल्यावर काय झालं, तर ताकीद देऊन सोडून दिलं. तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्यातही तेरा वर्षांखालच्या मुलीशी संबंध म्हणजे जन्मठेपेपर्यंत जाणारा गुन्हा होता, तरी ताकीद.

मग तिच्यासाठी मीटिंग बसली, तिकडे तिला केस कॉन्फरन्स म्हणतात, सोशल वर्कर, पोलीस, बाकीची खाती सगळे एका टेबलाभोवती. प्रश्न एवढाच होता की हिचं नाव बालसंरक्षणाच्या यादीत लैंगिक अत्याचार या वर्गात टाकायचं का. आणि गुन्हे शाखेच्या प्रतिनिधीने विरोध केला. का, तर त्याच्या मते प्रत्येक प्रसंगात मुलीची शंभर टक्के संमती होती. बारा वर्षांच्या मुलीची.

बाकीच्यांनी त्याचं ऐकलं नाही हे इथे लगेच सांगते, कारण ही केस सांगताना लोक तो भाग गाळतात. टेबलावरच्या इतर सगळ्यांना कळत होतं की हा गुन्हा आहे आणि एवढ्या लहान पोरीच्या संमतीला काही अर्थ नसतो. तिचं नाव यादीत गेलं आणि त्यानंतर तिला नीट आधारही मिळाला. म्हणजे एका मीटिंगमध्ये चार माणसं ताठ बसली तर एक पोरगी वाचते. पण त्याच गावात १९९७ ते २०१३ या काळात, अगदी हात राखून केलेल्या अंदाजाने, १४०० मुलं लैंगिक शोषणाला बळी पडली. हा आकडा प्राध्यापक अलेक्सिस जे यांच्या स्वतंत्र चौकशीचा, २६ ऑगस्ट २०१४ ला त्यांचा रिपोर्ट आला.

मी बालसंरक्षणाचं काम करते, ट्रेनिंगही घेते, आणि हा रिपोर्ट मी खूप वेळा वाचलाय. दर वेळी मला एकच गोष्ट खटकते, तीच सांगायला हे लिहितेय. या पोरींना इजा घरात होत नव्हती. घराबाहेर होत होती, शाळेच्या गेटवर, टॅक्सीत, कुणाच्या तरी फ्लॅटवर, बालगृहाच्या दारात. आणि यंत्रणा मात्र घराकडेच तोंड करून बसली होती.

रॉदरहॅम म्हणजे साउथ यॉर्कशायर, शेफिल्डच्या शेजारचं, कोळसा आणि पोलाद यांच्यावर वाढलेलं आणि ते धंदे बसल्यावर खचलेलं गाव. गाव म्हणते पण पूर्ण बरो, म्हणजे आजूबाजूच्या वस्त्यांसकट कारभाराचा सगळा भाग, धरला तर अडीच लाखांच्या पुढे वस्ती, म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम शहरच. तिथे हे चालायचं कसं, तर आधी एखादा तरुण पोरगा ओळख काढणार, गोड बोलणार, मोबाईल देणार, गाडीतून फिरवणार, दारू मग ड्रग्ज. पोरीला वाटतं हा माझा बॉयफ्रेंड. मग तो तिला मित्रांकडे पाठवतो, आणि तोवर ती इतकी अडकलेली असते, घाबरलेली असते आणि त्याच्यात गुंतलेलीही असते, की नाही म्हणायची ताकदच राहत नाही. रिपोर्टमध्ये आहे की पोरींना उत्तर इंग्लंडमधल्या दुसऱ्या शहरांत नेलं जायचं, अंगावर पेट्रोल ओतून पेटवायची धमकी दिल्याची उदाहरणं आहेत, बंदुकीचा धाक आहे, दुसऱ्या मुलीवरचा बलात्कार बघायला लावून 'तोंड उघडलंस तर पुढची तू' असं सांगितलेलं आहे. अकरा वर्षांच्या पोरीसुद्धा यातून सुटल्या नाहीत. यापुढे तपशील देत नाही, गरज नाही.

टॅक्सीबद्दल मात्र थांबून सांगायला पाहिजे. शाळांनी वेळोवेळी कळवलं होतं की अकरा, बारा, तेरा वर्षांच्या मुलांना गेटबाहेरून गाड्या आणि टॅक्सी उचलून नेतायत, हातात नवे फोन दिसतायत, भेटवस्तू दिसतायत. बालगृहांच्या दारातूनही तेच. आता विचार करा, टॅक्सीला लायसन्स कोण देतं? कौन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारखी तिथली स्थानिक संस्था. बालगृहं कुणाची जबाबदारी? त्याच कौन्सिलची. सोशल वर्कर कुणाचे? त्याच कौन्सिलचे. म्हणजे एका खात्याकडे गाडीचा नंबर होता, दुसऱ्याकडे पोरगी होती, आणि मधलं अंतर एका इमारतीतल्या दोन टेबलांएवढं होतं, पण ते कुणी चाललं नाही. कारण मुलीची फाईल मुलीच्या नावाने उघडते, आणि त्या फाईलमध्ये टॅक्सी स्टँडला जागाच नसते. फाईलमध्ये असतं आई काय करते, बाप काय करतो, घरात दारू आहे का, आधी काही तक्रार होती का.

हे नुसत्या आळसापोटी झालं असं मला वाटत नाही, याचं मूळ कायद्याच्या रचनेत आहे. इंग्लंडच्या १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमध्ये चौकशी तशी कुणाच्याही हातून झालेल्या इजेची करता येते. पण कोर्टाने मूल कौन्सिलच्या ताब्यात द्यायचं असेल तर कलम ३१ दोनच कारणं मानतं, एक म्हणजे आईबापांची देखभाल कमी पडतेय आणि दुसरं म्हणजे मूल आईबापांच्या हाताबाहेर गेलंय. आता या चौकटीत टॅक्सीवाल्याच्या जाळ्यात सापडलेली पोरगी बसवून बघा. एक तर आईबाप नालायक ठरतात, नाही तर पोरगी वाया गेलेली ठरते. तिसरा जो गाडीत बसलाय त्याच्यासाठी रकानाच नाही. पोलिसांनी त्याला पकडायला हवं होतं हे खरं, पण पोलिसांनीच या पोरींना तुच्छतेनं वागवलं हे रिपोर्टने स्पष्ट शब्दांत लिहिलंय.

आणि आईबाप नालायक होते का? चौकशीत आढळलं की बळी पडलेल्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून थोडी जास्त मुलं आधीपासून दुर्लक्ष किंवा संरक्षणाच्या कारणाने यंत्रणेला माहीत होती. म्हणजे बाकीच्यांच्या घराबद्दल अशी तक्रारच नव्हती. रिपोर्टमध्ये दोन बाप आहेत. दोघांनी आपापल्या पोरीचा माग काढला, जिथे तिच्यावर अत्याचार होत होता ते घर शोधलं, तिला बाहेर काढायला गेले. तिथे पोलीस बोलावले गेले, आणि अटक कुणाला झाली तर त्या बापांना. मी स्वतः ट्रेनिंगमध्ये हे वाचून दाखवते तेव्हा खोलीतले बापमाणूस असलेले हवालदार मान खाली घालतात. आणखी काही केसेसमध्ये पोरींनाच दारू पिऊन गोंधळ घातला म्हणून, शांतता भंग केली म्हणून धरलं आणि ज्यांनी दारू पाजली त्यांना कुणी हात लावला नाही.

२००३ मधली चाइल्ड डी तेरा वर्षांची होती. एका हिंसक माणसाने तिला नादी लावलं, बलात्कार केला, दुसऱ्यांकडे पाठवलं. तिच्या आईबापांना हे किती गंभीर आहे ते कळत होतं. तिला स्वतःला कळत होतं. तिच्यासोबत काम करणाऱ्या युवा प्रकल्पाला कळत होतं. कळत नव्हतं ते पोलिसांना आणि सोशल केअरला. तिचं प्राथमिक असेसमेंट झालं, त्यात धोके अगदी बरोबर लिहिले होते, पण भाषा अशी की ती 'स्वतःला धोक्यात घालतेय'. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण हे आपल्याकडेही रोज लिहिलं जातं, फक्त मराठीत. मुलगी स्वतःहून जाते. मुलीला नाद आहे. मुलगी ऐकत नाही. कर्ता मुलगी आणि क्रियापदही मुलीचंच. ज्याने नेलं तो वाक्यात येतच नाही, आणि जो वाक्यात नाही त्याच्यावर कारवाई करायचं कुणाच्या डोक्यात येणार?

तो जो युवा प्रकल्प म्हटलं त्याचं नाव रिस्की बिझनेस, १९९७ मध्ये सुरू झालेला, छोटी टीम. ही मंडळी ऑफिसात पोरी येण्याची वाट बघत बसायची नाहीत, पोरी जिथे असतील तिथे जायची. म्हणून पोरी त्यांच्याशी बोलायच्या. हळूहळू त्यांच्याकडे माहिती साठली, कोण माणसं, कुठली ठिकाणं, कोणत्या गाड्या, कुठली पोरगी कुणासोबत दिसते. खरं तर गावाचा नकाशाच तयार होत होता त्यांच्याकडे. आणि वरच्या लोकांनी त्याचं काय केलं, तर हे लोक अतिशयोक्ती करतात, हे काही प्रोफेशनल नाहीत, असं म्हणून बाजूला सारलं. वस्तीवर काम करणाऱ्या कुठल्याही ताईला विचारा, हे वाक्य तिने ऐकलेलं असतं. ज्याला जास्त माहिती त्याची खुर्ची खालची, आणि खुर्ची खालची म्हणून माहिती कच्ची.

पुढे तर कहरच आहे. २००२ मध्ये ब्रिटनच्या गृहखात्याच्या पैशातून झालेल्या एका संशोधनात रॉदरहॅमवरचा मसुदा लिहिला गेला, त्यात परिस्थिती स्पष्ट मांडली होती. तो दाबला गेला, कारण वरिष्ठांचा आकड्यांवर विश्वास बसेना. २००३ आणि २००६ मध्ये आणखी दोन रिपोर्ट, त्यात या शोषणाचा ड्रग्जशी, बंदुकांशी, गावातल्या गुन्हेगारीशी असलेला संबंध दाखवला होता. तेही पडून राहिले. २००४-०५ मध्ये नगरसेवकांसाठी आणि बड्या अधिकाऱ्यांसाठी सेमिनार झाले आणि तिथे काहीही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं गेलं. अलेक्सिस जे म्हणतात की त्यानंतर 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायची कुणाला सोय नव्हती. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण कायम जनजागृती जनजागृती करतो, पोस्टर लावतो, कार्यशाळा घेतो. रॉदरहॅममध्ये कार्यशाळा झाली होती की! माहिती पोचली होती. माहिती पोचल्यावर सोमवारी सकाळी कुणी काय करायचं, हे ठरलेलं नव्हतं. आणि रिस्की बिझनेसचं काय झालं? २०११ मध्ये तो स्वतंत्र प्रकल्प म्हणून बंदच झाला.

आता एक भाग जो टाळून चालणार नाही. बळी पडलेल्यांनी सांगितलेले बहुसंख्य आरोपी पाकिस्तानी वंशाचे पुरुष होते. काही कर्मचाऱ्यांना हे लिहायची भीती वाटायची, आपल्यावर वर्णद्वेषी असा शिक्का बसेल म्हणून, आणि काहींना तर वरिष्ठांकडून स्पष्ट सांगितलं गेल्याचं आठवत होतं की हे लिहू नका. नगरसेवकांनीही त्या समाजाशी थेट बोलायचं टाळलं. ही भीती चूकच होती, तिचा फायदा फक्त गुन्हेगारांना झाला. पण आपल्याकडे ही केस सांगताना लोक इथेच थांबतात आणि हे 'त्यांचं' प्रकरण म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. त्याच रिपोर्टमध्ये लिहिलंय की पाकिस्तानी वंशाच्या मुलीही शोषणाला बळी पडत होत्या आणि घरची अब्रू जाईल या भीतीने पुढे येत नव्हत्या, आणि त्या समाजातल्या बायकांशी कुणी बोलायलाच गेलं नाही, जे काही बोलणं झालं ते ठरावीक पुरुष पुढाऱ्यांशी. १९९४ ला आपल्याकडे जळगावचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा काय होतं? शाळा कॉलेजच्या पोरी, फोटो काढून ब्लॅकमेल, मागे गावातली वजनदार माणसं, आणि अब्रूच्या भीतीने तोंड न उघडणारी घरं. जात धर्म वेगळे, रचना तीच. ज्याला गावात हात लावायला लोक कचरतात, कारण काहीही असो, त्याच्या सावलीत पोरी सापडतात.

रॉदरहॅम फुटलं ते आतून नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये पाच जणांना शिक्षा झाली, आणि त्यानंतर लंडनच्या टाइम्सचे पत्रकार अँड्र्यू नॉरफोक यांनी २०११ पासून उत्तर इंग्लंडमधल्या अशा केसेसचा पाठपुरावा सुरू केला, २०१२ मध्ये रॉदरहॅमची गोपनीय कागदपत्रं छापून आली. कागदपत्रं बाहेर देणाऱ्यांत रिस्की बिझनेसच्या समन्वयक जेन सीनियर होत्या. पुढच्या वर्षी कौन्सिलनेच स्वतंत्र चौकशी नेमली. जे यांच्या टीमने ६६ फाईल्स वाचल्या. रिपोर्ट आला त्याच दिवशी कौन्सिलचे नेते रॉजर स्टोन यांनी राजीनामा दिला. शॉन राइट, जे २००५ ते २०१० मुलांच्या खात्याची राजकीय जबाबदारी सांभाळत होते आणि रिपोर्ट आला तेव्हा साउथ यॉर्कशायरचे पोलीस कमिशनर होते (तिथे हे निवडून दिलेलं राजकीय पद होतं), ते पहिल्यांदा नाही म्हणाले आणि सप्टेंबरमध्ये गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारने नेमलेल्या लुईझ केसी यांच्या तपासणीने कौन्सिल काम करायच्या लायकीची नाही असं सांगितलं, आणि सरकारने कारभार आपल्या आयुक्तांच्या हातात दिला. राष्ट्रीय गुन्हे संस्थेने ऑपरेशन स्टोव्हवूड नावाचा तपास डिसेंबर २०१४ ला सुरू केला, तो वर्षानुवर्षं चालला. २०१६ मध्ये एका टोळीच्या म्होरक्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली.

आणि पोलीस? पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची स्वतंत्र चौकशी २०२२ पर्यंत चालली, ४७ अधिकाऱ्यांची. काहींवर गैरवर्तनाचा ठपका आला. नोकरी एकाचीही गेली नाही. यावर माझं मत द्यायची गरज नाही असं वाटतं.

बदललं काय ते बघू, कारण नुसती चीड येऊन उपयोग नाही. २०१५ मध्ये ब्रिटनने एका कायद्याने आधीच्या कायद्यांमधला 'बाल वेश्याव्यवसाय' हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी लैंगिक शोषण असा शब्द आणला. म्हणजे २०१५ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात पोरगी वेश्या होती! शब्द बदलून काय होतं म्हणणाऱ्यांना मी वरची चाइल्ड डी ची फाईल दाखवते. रॉदरहॅममध्ये टॅक्सींचं लायसन्स धोरण बदललं, गाड्यांमध्ये कॅमेरे सक्तीचे झाले. म्हणजे पहिल्यांदाच इलाज पोरीवर न करता गाडीवर केला.

हाच विचार कार्लीन फर्मिन या संशोधक बाईंनी बेडफर्डशायर विद्यापीठात असताना पद्धतशीर मांडला, त्याला कॉन्टेक्स्चुअल सेफगार्डिंग म्हणतात, मी मराठीत सांगताना 'जागेची फाईल' म्हणते. त्यांचं म्हणणं साधं आहे. मूल जसं मोठं होतं तसं त्याच्यावर आईबापांपेक्षा बाहेरच्या जगाचं वजन वाढत जातं, दोस्त, शाळा, मैदान, गल्लीचा कोपरा, फोन. धोका तिथे असेल तर आईला कितीही पालकत्वाचं समुपदेशन केलं तरी कोपरा तसाच राहतो, आणि एक पोरगी तिथून हलवली तर तिच्या जागी दुसरी येते. म्हणून असेसमेंट त्या कोपऱ्याचं करा, आणि कोपऱ्यावर ज्यांचं वजन आहे त्यांना, म्हणजे दुकानदार, वॉचमन, बसवाले, शाळेचा शिपाई, यांना कामाला लावा. लंडनच्या हॅकनी भागात २०१७ पासून हे करून बघितलं, आणि २०१८ च्या सरकारी मार्गदर्शिकेत घराबाहेरच्या धोक्याचं असेसमेंट करा हे अधिकृतपणे आलं.

आपल्याकडे कायदा याबाबतीत खरं तर बरा आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, अठरा वर्षांखाली संमती हा प्रश्नच नाही, कलम १९ प्रमाणे ज्याला गुन्हा कळला त्याने कळवलंच पाहिजे आणि नाही कळवलं तर कलम २१ खाली शिक्षा. बाल न्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची जी व्याख्या आहे त्यातही शोषण व्हायची शक्यता असलेलं मूल येतं, म्हणजे इजा व्हायची वाट बघायची गरज नाही. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे. पण मीटिंगमधलं वाक्य कायदा बदलून बदलत नाही.

मी एका मीटिंगला होते. गाव आणि बाकी खुणा सांगणार नाही, काही तपशील मुद्दाम बदललेत. चौदा वर्षांची पोरगी, खेड्यातून तालुक्याच्या शाळेत एसटीने येणारी. दोनदा रात्री उशिरा घरी पोचली, एकदा पोचलीच नाही, सकाळी आली. दप्तरात नवा मोबाईल. आई शेतात मजुरीला, बाप नाही. टेबलावरचे एक वयस्कर गृहस्थ, माणूस वाईट नाही, म्हणाले, "अहो ताई, तीच जाते ना त्याच्याकडे, कुणी ओढून नेत नाही." आणि ठरावात लिहिलं गेलं, आईला समज देण्यात यावी. मला त्या क्षणी तो इंग्लंडमधला गुन्हे शाखेचा माणूस आठवला, अंगावर काटा आला. मी म्हटलं, साहेब 'समज' खोडा, आधी ती शाळा सुटल्यावर कुठे बसते ते बघू, मला आठ दिवस द्या. ते जरा नाराज झाले पण दिले.

मी आणि माझी एक सहकारी तीन दिवस स्टँडवर जाऊन बसलो. शाळा सुटते सव्वापाचला. तिच्या गावाकडची गाडी पावणेसातला. दीड तास. स्टँडवर मुलींच्या संडासाला कुलूप, किल्ली कंट्रोलर साहेबांकडे आणि ते मागायला पोरी लाजतात. बाकडी दोन, एकावर कायम पुरुष झोपलेला. पंखा, चार खुर्च्या, पाण्याचा जार आणि फुकट चार्जिंग असलेली जागा संपूर्ण आवारात एकच, समोरचं मोबाईलचं दुकान. दुकानात तिशीचा माणूस, हसतमुख, पोरींना नावाने हाक मारणारा. पहिल्या दिवशी पाच पोरी बसलेल्या, दुसऱ्या दिवशी सात. एकीच्या हातात त्याने कुरकुऱ्याचा पुडा दिला आणि पैसे नको म्हणाला, आणि तिने आधी आजूबाजूला बघितलं मग घेतला. ते बघणं मी विसरू शकत नाही. तिला कळत होतं की यात काहीतरी आहे. कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं, आणि पाय मोडेपर्यंत उभं राहायचं नसेल तर दुसरीकडे जायचं कुठे हेही नव्हतं.

आमची पोरगी चौथ्या दिवशी बोलली, आईसमोर नाही, माझ्या सहकारीसमोर, रसवंतीवर बसून, एका दमात. पुढचं पोलिसांत गेलं, पॉक्सोखाली गुन्हा दाखल झाला, महिला अधिकाऱ्याने जबाब घरी येऊन नीट घेतला, साध्या कपड्यात आल्या होत्या, हे आवर्जून सांगायला हवं. त्याच्या फोनमध्ये जे सापडलं त्यावरून आणखी दोन घरांत आम्हाला जावं लागलं. केस कोर्टात आहे म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

पण दुकान बंद झालं तरी दीड तास तसाच होता. म्हणून पोरीची फाईल बाजूला ठेवली आणि स्टँडची फाईल उघडली, खरोखरची, पिवळं फोल्डर, वर स्टँडचं नाव. त्यात पहिला कागद वेळापत्रक. शाळेच्या मुख्याध्यापक बाईंचं पत्र, तीन ग्रामपंचायतींचे ठराव, सव्वापाच ते पावणेसात थांबणाऱ्या मुलामुलींची मोजणी, सरासरी चाळीसच्या घरात. गाडी लवकर सोडा असा आगारात अर्ज दिला. पहिल्यांदा गाडी नाही म्हणाले, दुसऱ्यांदा ड्रायव्हर नाही म्हणाले, तिसऱ्यांदा सरपंच बाई स्वतः आल्या, सोबत चौदा आया. संडासाची किल्ली आता चहाच्या टपरीवाल्या मावशींकडे असते, त्यांनीच मागून घेतली. मावशींना आम्ही १०९८ आणि आमचा नंबर पाठ करायला लावला, त्या म्हणाल्या पाठ कशाला, आणि टपरीच्या पत्र्यावर खडूने लिहून टाकला, पावसात पुसला की परत लिहितात.

ठरावातलं 'आईला समज देण्यात यावी' हे वाक्य त्या गृहस्थांनीच पुढच्या मीटिंगला खोडलं, सही करून. गाडी सध्या पाच पस्तीसला सुटते. पोरगी नववी पास झाली, त्याच गाडीने येते जाते, खिडकीची जागा मिळावी म्हणून शाळा सुटली की पळत सुटते.